गुळाचा नियम

परवा सकाळी दादाच्या गाडीतून पंचगंगेचा पूल ओलांडला, काच खाली केली आणि उकळत्या रसाचा वास नाकात शिरला. असा वास आला की परदेशातून आलेल्या माणसाने डोळे मिटून घ्यावेत, छाती भरून श्वास घ्यावा आणि ‘आलो बाबा घरी’ म्हणावं, अशी एक रीत आहे. माझं डोकं सणकलं. अकरा वर्षं झाली हा वास घेऊन. त्या अकरा वर्षांत मी आठ वेळा कोल्हापूरला आलो, आठही वेळा पुलावर काच खाली केली, आणि आठही वेळा नुसता पाऊस आत आला.

‘काय झालं?’ दादाने विचारलं. हा माझा थोरला भाऊ. शाहूपुरीत त्याचं पंपांच्या सुट्या भागांचं दुकान आहे.

‘काही नाही. काच वर घे.’

‘धूर लागतोय व्हय? तिकडची हवा खाऊन लईच नाजूक झालास की रं!’

धूर लागत नव्हता. वर्षाचे चार-पाच महिने या मुलखात गुऱ्हाळं पेटलेली असतात, आणि नेमके तेच महिने माझ्या वाट्याला येत नाहीत, याचा राग आला होता. तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं, म्हणून काचेवर काढला.

मी नेदरलँड्समध्ये, आइंडहोव्हनला असतो. कारखान्यांतली पॅकिंगची मशिनं दुरुस्त करणं हे माझं काम. नाताळात तिकडचे सगळे कारखाने बंद होतात. लोक बर्फात घसरायला जातात, आणि कारखाना बंद आहे म्हणूनच आम्ही मशिनं उघडून बसतो. म्हणजे सगळं जग सुट्टीवर असतं तेव्हा मला रजा मागायचीसुद्धा सोय नाही. जानेवारी-फेब्रुवारीत मुलीची शाळा असते. तिकडे शाळा बुडवली तर सरकारी पत्र येतं, आजी आजारी आहे वगैरे चालत नाही. राहता राहिली उन्हाळ्याची सहा आठवड्यांची सुट्टी. जुलै आणि ऑगस्ट. तिकडचा उन्हाळा म्हणजे इकडचा पावसाळा. आणि आमच्या घरात पावसाळा म्हणजे चातुर्मास.

आम्ही जैन. वर्षाचे आठ महिने आमच्या घरात कांदा-लसूण चालतो, वांगं चालतं, मेथी-पोकळा चालतो. चातुर्मास लागला की हे सगळं घराबाहेर. कांदा बंद, लसूण बंद, बटाटा बंद, पालेभाजी बंद, वांगं तर उंबऱ्याच्या आतसुद्धा येत नाही. दिवे लागायच्या आत जेवणं उरकलेली असतात. आता विचार करा, एक माणूस अकरा महिने फ्रिजसमोर उभा राहून वांग्याच्या भरताची, लसणाच्या चटणीची, मेथीच्या भाजीची आठवण काढतो, दोन विमानं बदलून, पाय सुजवून घरी पोचतो, आणि आई त्याच्या ताटात दोडका वाढते.

‘आई, भरीत?’

‘चातुर्मास हाय, बाळा.’

‘आई, चटणी?’

‘चातुर्मास हाय न्हवं?’

आठ वेळा. आठही वेळा दोडका. मला दोडक्याबद्दल वैयक्तिक आकस नाही, पण दोडका खायला मी सात हजार किलोमीटर येतो असं कुणाला वाटत असेल तर त्याने माझ्याशी एकदा बोलावं. माझी मुलगी अन्वी नऊ वर्षांची आहे. कोल्हापूर हे सतत पाऊस पडणारं, संध्याकाळी साडेपाचला जेवणारं गाव आहे, अशी तिची पक्की समजूत आहे. शाळेत तिने आजीच्या गावाचं चित्र काढलं तर त्यात एक छत्री, एक म्हैस आणि एक दोडका होता. बाईंनी विचारलं, ही काकडी का? ती म्हणाली, नाही, हे आमचं पारंपरिक अन्न.

आणि वर तिकडची आपली मंडळी! मी कोल्हापूरचा म्हटलं की यांच्या तोंडाला पाणी सुटतं. ‘अरे वा, तांबडा-पांढरा! तुझी तर मजा असेल!’ माझ्या सात पिढ्यांत कुणी मटणाला हात लावलेला नाही. दर नव्या माणसाला मी हे समजावून सांगतो आणि दर वेळी तो असा बघतो, जणू मी खोट्या पत्त्यावर राहतो. कोल्हापुरात जैनांची घरं पूर्वापार आहेत, आमची शेतं आहेत, बस्त्या म्हणजे देवळं आहेत, आमच्या घरची आमटी आहे. पण यांचं कोल्हापूर एका रश्श्याच्या वाटीत सुरू होतं आणि तिथेच संपतं. पूर्वी मी हसून सोडून द्यायचो. हल्ली देत नाही.

मला हवं होतं ते गुऱ्हाळ. आमचं स्वतःचं होतं, गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याजवळ. तेव्हा अण्णा, म्हणजे माझे वडील, हयात होते; दिवाळी झाली की ते चुलवाण, म्हणजे रस उकळायची भट्टी, सारवून घेत. मग एक दिवस त्यात चिपाडं पडत, काहिलीत रस चढे आणि होळीपर्यंत आमच्या घरातल्या प्रत्येक कपड्याला धुराचा वास लागे. शाळेत आमच्या बाकावर बसलेल्या मुलांना मी कुठून आलो ते विचारावं लागत नसे. रस तापला की भेंडीचं चिकट पाणी टाकत, मळी वर येई, ती मोठ्या झाऱ्याने काढत. मग रसाचा रंग बदलायला लागे आणि सगळे गप्प होत. काहील नेमकी कधी उतरवायची, हे गूळ करणाऱ्या एकट्या गुळव्याला कळे. तो दोन बोटांत पाक धरून बघे आणि अण्णासुद्धा त्याच्या तोंडाकडे बघत उभे राहत. घरात ज्यांचा शब्द कुणी मोडत नसे, ते अण्णा गुऱ्हाळावर गुळव्याला अहोजाहो करत, हे मला फार आवडायचं.

त्या दिवसांत आई वेगळी असे. घरात ती सगळ्यांना वाढून मग जेवणारी, आवाज न करणारी बाई. गुऱ्हाळावर आली की पदर खोचून चिपाडाच्या ढिगावर बसे, मोठ्याने बोले, हसे. काहील रिकामी झाली की तिच्या काठाला गुळाची खरवड धरलेली असे. ती उलथन्याने काढून पहिली खाणार ती आई. आम्ही पोरं मागे लागायचो, तर म्हणायची, ‘थांबा रं. मला एकदा खाऊ द्या सुखानं.’ तिला मी दुसरं काहीही आमच्या आधी खाताना बघितलेलं नाही. पुरणपोळीसुद्धा नाही, आंबासुद्धा नाही. फक्त तेवढी खरवड.

तिकडे आम्ही ‘मिस’ करतो. आमचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, त्यावर दर रविवारी कुणीतरी हुरड्याचा फोटो टाकतो आणि खाली वीसजण रडणारे चेहरे पाठवतात. मीही पाठवतो. गुऱ्हाळाचं एक जुनं चित्र मी तीनदा टाकलंय. दुकानात बरणीतला भुकटी केलेला गूळ मिळतो, त्यावर हिरव्या पानाचं चित्र असतं, तो चहात टाकून ‘घरची आठवण आली’ म्हणायचं. या आठवणीला काही लागत नाही. ना पदरचं काही जातं, ना अंगाला काही लागतं. संध्याकाळी वाईनबरोबर जरा आठवण काढायची, डोळे ओले करायचे आणि सकाळी कामाला जायचं. हे मी इतरांना नाही, स्वतःलाच म्हणतोय. पण इतरांनाही लागू आहे.

गेल्या संक्रांतीला व्हिडिओ कॉल चालू होता. घरात सगळे तिळगूळ खात होते. वहिनीने आईच्या हातावर लाडू ठेवला, आईने तो न खाता वाटीत परत ठेवला.

मी म्हटलं, ‘आई, खा की.’

आई म्हणाली, ‘खाते मागनं.’

वहिनीला राहवलं नाही. ‘कुठलं खात्यात भावजी! आत्ती गूळ खात न्हाईत. पाच वरसं झाली.’

आधी मला वाटलं साखर वाढली असेल. नाही. पाच वर्षांपूर्वी गावात एका साधुमहाराजांचा चातुर्मासाचा मुक्काम होता. त्यांच्यासमोर बस्तीत बसून आईने नियम घेतला होता. आमच्यात असे नियम घेतात. कुणी मीठ सोडतं, कुणी तूप सोडतं, कुणी वर्षासाठी, कुणी जन्मभरासाठी. जिभेची ओढ कमी व्हावी म्हणून हे असतं. त्याच्या बदल्यात काही मागायचं नसतं, मागितलं तर तो नियमच दूषित होतो. आईला हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. तरी तिने मनात ठेवलं होतं, की अभय, म्हणजे मी, गुऱ्हाळाच्या दिवसांत घरी येऊन तिच्यासमोर गूळ खाईन, तेव्हाच ती खाईल. महाराजांनी विचारलं, का सोडता? तर म्हणाली, पित्त होतं. मुंगी चिरडू नये म्हणून वाकून चालणारी बाई साधूपुढे बसून सरळ खोटं बोलली.

मी फोनवर ओरडलो. काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. पाच वर्षं! मधल्या काळात मी चार वेळा घरी येऊन गेलो होतो. चारही वेळा माझ्या ताटात पुरणपोळी पडली होती, वर तूप, शेजारी दूध. आणि मला पत्ता नाही. कसा असणार? आम्ही पुरुष आणि पोरं जेवून उठतो, हात धुऊन बाहेरच्या खोलीत येऊन बसतो, मग आत बायका जेवतात. माझी आई काय जेवते हे मी चाळीस वर्षांत बघितलेलं नाही. आइंडहोव्हनला शेजारच्या म्हातारीला दुधाचे पदार्थ चालत नाहीत हे मला ठाऊक आहे. तिच्यासाठी मी वेगळा केक आणतो.

त्याच फेब्रुवारीचं तिकीट काढलं. एकट्याचं. निघायच्या चार दिवस आधी एका गिऱ्हाईकाची मोठी लाइन बंद पडली आणि साहेबाने मला केबिनमध्ये बोलावून अतिशय गोड शब्दांत सांगितलं की निर्णय सर्वस्वी तुझा आहे. तिकडे साहेब ओरडत नाहीत. निर्णय तुझा आहे म्हणतात आणि तुमच्या तोंडाकडे बघत बसतात. मी तिकीट रद्द केलं. माझा राग साहेबावर नाही. मी किती पटकन ‘हो’ म्हटलं, त्याचा आहे.

जुलैत नेहमीसारखे सगळे आलो. पहिल्याच दिवशी मी फडताळातून गुळाचा खडा काढला आणि आईसमोर उभा राहिलो.

‘हे बघ, मी आलोय. तुझ्यासमोर खातोय. आता तू खा.’

‘ह्यो जुना गूळ हाय. पावसाळ्यात कुठलं गुऱ्हाळ?’

‘काय फरक पडतो?’

‘पडतोय की. नियम म्हंजे नियम.’

‘खोटा नियम आहे तुझा! महाराजांना सांगू?’

ती अजिबात घाबरली नाही. ‘सांग जा. महाराज विहार करत कर्नाटकात गेल्यात,’ म्हणाली आणि दोडका चिरायला बसली.

म्हणून या वर्षी मी जानेवारीत आलो. साहेबाला सांगितलं, निर्णय माझा आहे, घेतला. बायको म्हणाली, तू जा, अन्वीचं मी बघते. अन्वी म्हणाली, पाऊस नसताना कोल्हापूर कसं दिसतं त्याचे फोटो पाठव. विमानात मी मनातल्या मनात सगळं रचत होतो. सकाळी पोचायचं, आंघोळ करायची, आईला गाडीत घालून आपल्या गुऱ्हाळावर न्यायचं, गूळ थिजायला ओततात त्या वाफ्यातल्या गरम गुळाचा तुकडा आधी मी, मग ती. की संपलं.

घरी पोचून मी म्हटलं, ‘चला, गुऱ्हाळावर.’ दादा आणि वहिनी एकमेकांकडे बघायला लागले.

गुऱ्हाळ बंद होऊन तीन वर्षं झाली होती. गुळव्या मिळेना, माणसं मिळेनात. ऊस आता कारखान्याला जातो. काहील विकली, चुलवाणाच्या जागी दादाने केळी लावल्यात.

‘मला का नाही सांगितलंस?’

‘सांगून काय केला असतास?’ दादा शांतपणे म्हणाला. ‘आला असतास चुलवाण पेटवाया? ग्रुपवर फोटो टाकला असतास, आनी काय.’

मी आवाज चढवला. त्यानेही चढवला. आमच्याकडे साधं बोलणंही भांडल्यासारखं असतं, त्यामुळे शेजाऱ्यांना काही वेगळं वाटलं नसावं. आई मात्र स्वयंपाकघरातून भरीत घेऊन आली. वांग्याचं, लसूण घातलेलं. अकरा वर्षांनी. ‘भांडायचं आसंल तर जेवून भांडा,’ म्हणाली. मी रागाने जेवलो आणि तीन भाकरी खाल्ल्या. ती आत जेवायला बसली तेव्हा मी पाट घेऊन तिच्यासमोर जाऊन बसलो. ‘काय बघालाईस?’ म्हणाली. काही नाही, म्हटलं. तिचं ताट बघितलं. एक भाकरी, भरीत, ताक. दात कमी झालेत, भाकरी ताकात भिजवून खाते. हेही मला ठाऊक नव्हतं.

काल आम्ही तिघं गुऱ्हाळ शोधायला निघालो. लहानपणी आमच्या माळावर उभं राहिलं की सहा धूर मोजता यायचे. आता वास येतो, पण तो कुठून येतो ते गाडी फिरवून शोधावं लागतं. पहिलं सापडलं ते बंद, दुसऱ्याला त्या दिवशी सुट्टी. तिसरं जोतिबाच्या डोंगराच्या बाजूला उताराला होतं. धूर दिसला तशी आई पुढच्या सीटवर सरसावून बसली.

गुऱ्हाळाचा मालक पुढे आला. माझ्या बुटांकडे बघत म्हणाला, ‘या पावणं. कुठनं आलाय?’

आमच्याकडे अनोळखी माणसाला पावणंच म्हणतात. मीही म्हणतो. त्यात वाईट वाटण्यासारखं काहीच नाही. तरी मी फाडकन म्हणालो, ‘मी इथलाच आहे!’

‘आसंल की,’ तो म्हणाला. ‘बसा.’

काहील नुकतीच उतरवली होती. वाफ्यात गूळ घट्ट होत होता. मालकाने खुरप्याने एक तुकडा काढून पळसाच्या पानावर माझ्या हातात दिला. तांबूस, गरम, वाफ निघत असलेला. आई समोर उभी होती. एवढंसं तोंड वर करून माझ्या तोंडाकडे बघत होती, गुळव्याच्या तोंडाकडे बघावं तशी.

मी तुकडा तोंडात टाकला आणि माझ्या लक्षात आलं की मला तो जास्त गोड लागतोय. असह्य गोड. अकरा वर्षं बिनसाखरेची काळी कॉफी पिऊन माझी जीभ भलतीच होऊन बसली होती. ज्याच्यासाठी एका बाईने सहा वर्षं तोंड बांधून ठेवलं, तो गूळ माझ्या घशाखाली उतरत नव्हता. स्वतःच्या जिभेचा इतका संताप मला कधी आला नव्हता. मी सगळा तुकडा चावून चावून खाल्ला. वर पान चाटलं.

‘कसा हाय?’ आईने विचारलं.

‘एक नंबर,’ मी म्हटलं. साधूपुढे ती खोटं बोलू शकते, तर मी तिच्यापुढे का नाही?

मग तिने खाल्ला. हात जोडले, डोळे मिटून णमोकार मंत्र म्हटला, आणि लहानसा खडा दाढेखाली धरला. तिच्या हनुवटीवरून लाळेचा एक तांबूस ओघळ आला, तो दादाने आपल्या रुमालाने पुसला. दुसरा खडा तिने स्वतः मागून घेतला. मी तिकडे पाठ करून उभा राहिलो, कारण मालक माझ्याकडे बघत होता.

झालं, संपलं, सुटलो, असं मनाशी म्हणत मी गाडीकडे निघालो, तेवढ्यात मागून आईचा आवाज आला. बांधावर उभी राहून, हात धुता धुता, बाजाराची यादी सांगावी तसं तिने सांगितलं, ‘आजपास्नं दूध सोडलं.’

‘काय?’

‘दूध. अन्वीला थंडीत घिऊन यीस्तवर. पोरीनं गुऱ्हाळ बघाया नको व्हय?’

माझा तोल गेला. त्या उतारावर, मालकासमोर, चुलवाणात चिपाडं टाकणाऱ्या बायकांसमोर मी ओरडलो. म्हटलं, डॉक्टरने तुला हाडांसाठी दूध सांगितलंय. म्हटलं, हे नियम नाहीत, ही दमदाटी आहे. म्हटलं, तिच्या शाळेचं काय, माझ्या नोकरीचं काय, तुला मुलगा हवाय की ओलीस? ती पदराला हात पुसत ऐकत होती. शेवटी मी म्हटलं, ‘ठीक आहे. मग मीही सोडतो. तू जे सोडशील ते मीही सोडणार. बघू कोण आधी थकतं!’

आईला हसू आलं. वाईट हसू नव्हतं ते, लहान पोराला हसावं तसं होतं.

‘तू काय सोडणार, अभ्या?’ ती म्हणाली. ‘सोडाया आदी ताटात आसावं लागतंय.’

आणि दादाचा हात धरून ती उतार चढायला लागली.